मामांनी भरलेली टाकी

"त्यांना म्हणावं, आणखी एक धोंडा घ्या."

मामा मामींना म्हणाले. 'त्यांना' म्हणजे मला. मी मामांच्या समोरच, हातभर अंतरावर पाटावर बसलो होतो आणि त्यांचं बोलणं मामींच्या आधी मलाच ऐकू आलं होतं. तरी मामी रीतसर माझ्याकडे वळल्या.

"आणखी एक घ्या म्हणत्यात."

"नको म्हणावं. पोट भरलं."

मामींनी मामांकडे बघितलं, मामांनी नुसती मान हलवली, आणि माझ्या ताटात पुरणाचा धोंडा पडला तो पडलाच. वर तुपाची धार. मी मुकाट्याने खायला लागलो. पुरण इतकं झक्क झालं होतं की रागावायचीही सोय नव्हती.

मामा म्हणजे सर्जेराव जगदाळे, माझ्या बायकोचे, सारिकाचे वडील, माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला मामी. सारिकानं नि मी लग्न केलं ते त्यांच्या मनाविरुद्ध, कचेरीत सह्या करून. जात एक होती, पत्रिकेत खोट नव्हती. खोट एकच, मी ड्रायव्हर. "दुसऱ्याच्या गाडीवर राबणारा माणूस, उद्या माझ्या पोरीला काय टपावर बसवून नेणार का?" असं मामा भर पारावर, सगळ्या भावकीदेखत बोलले होते. त्याच्यापुढं जे बोलले ते मला कुणीतरी आवर्जून येऊन सांगितलं. "ती मला मेली."

तेव्हापासून सारिकाचं माहेर तुटलं. ती कधी कुरकुरली नाही. पण पंचमीला, दिवाळीला शेजारणींना न्यायला भाऊ-बाप आले की ही उगाच फडताळातले डबे काढून घासत बसायची. घासलेले डबे पुन्हा घासायची. मला ते बघवायचं नाही. मी बाहेर जाऊन गाडी पुसत बसायचो.

मग मी स्वतःची मिनीबस घेतली. स्वतःची म्हणजे गाडी बँकेची, स्टिअरिंग तेवढं माझं. बातमी गावाकडे पोहोचली आणि त्याच वर्षी अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई म्हणजे विष्णू, त्याला जेवायला घालून, वाण देऊन पाठवल्याशिवाय सासूच्या घशाखाली घास उतरत नाही. मामींनी फोन केला. "या दोघं. तुमचं मामा हो म्हणालं न्हाईत, पर न्हाय बी म्हणालं न्हाईत."

येताना घाट चढताना सारिका म्हणाली, "अहो, आज कुणी काही बोललं तरी गिळून घ्या. आज बिनसलं तर हे दार पुन्हा उघडायचं नाही." तिचा आवाज अगदी साधा होता. मी म्हटलं, मी आज दगड आहे. धोंड्याच्या महिन्यातला धोंडा. ती हसली, पण पदराचं टोक काही तिनं हातातून सोडलं नाही.

तर असं ते जेवण. आल्यापासून मामा लेकीशी एकच वाक्य बोलले होते, "बरी हायस?" आणि माझ्याशी एकही नाही.

मधेच त्यांनी मामींना विचारलं, "गाडी किती पिती म्हणावं?"

मामींनी मला विचारलं. मी मामींना सांगितलं की डिझेल बेताचं लागतं, पण नवीन गाड्यांना युरियाही पाजावा लागतो.

मामांचा घास हातातच राहिला. "युरिया?"

ते थेट माझ्याकडे बघून बोलले होते. सारिका वाढता वाढता थांबली. मी इतका खूश झालो की गाडीच्या धुराचं सगळं पुराण त्यांना ऐकवलं. धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी लागतं, त्याची टाकी वेगळी असते, झाकण निळं असतं, पंपावर कॅन मिळतो.

"पिकाला टाकतो त्योच युरिया?"

"जात तीच मामा. पण हा शुद्ध केलेला असतो."

"हूं," मामा म्हणाले. शुद्ध म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला जाऊ नये. दुकानातली कुठलीही वस्तू शुद्ध आहे असं सांगितलं की तो समजतो, ही आपल्या घरातलीच वस्तू आहे, फक्त महाग केली आहे. पण ते मला तेव्हा कळलं असतं तर गोष्टच घडली नसती.

जेवणानंतर मामींनी मला लिंबाखाली खाट टाकून दिली. गाडीची चावी मी रिवाजाप्रमाणे देवळीत ठेवली आणि पडलो. आतून मायलेकींचं बोलणं ऐकू येत होतं, मधे रडणं, मधे हसणं. पुरणाची गुंगी काय असते ते ज्यानं पुरण खाल्लंय त्यालाच ठाऊक. मी मेल्यासारखा झोपलो.

जाग आली तेव्हा मामा हौदावर हात धूत होते. शेजारी बादली पालथी घातलेली, तिच्यावर एक काठी. मामा चक्क गुणगुणत होते.

"पाव्हणं, झोप झाली का?"

मी उठूनच बसलो. पाव्हणं! मला!

"झाली की मामा."

"चला मग. महादेवाला दिवा लावून येऊ. समदी तुमच्या गाडीतनं." त्यांनी देवळीतली चावी आणून माझ्या हातावर ठेवली आणि जरा जवळ येऊन, एखादी खाजगी गोष्ट सांगावी तसे म्हणाले, "जावयाला रिकामं धाडायचं नसतं. कापडं काय, समदीच देत्यात. म्या तुमच्या गाडीचं पोट भरलंय."

अंगणात येऊन बघतो तर बसला हळदीकुंकवाची बोटं, आरशाला झेंडूची माळ, आणि भोवती भावकी गोळा. नवी लुगडी, टोप्या, पोरंटोरं. सगळ्यांत पुढं मामांचे चुलतभाऊ बाजीनाना. पारावरच्या त्या दिवशी मामांच्या प्रत्येक वाक्याला 'बराबर हाय' म्हणणारे ते हेच. मामा त्यांच्यासमोर गाडीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले.

"बसा नाना. आपल्या जावयाची गाडी हाय."

सारिका दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, आता देवानं आणखी काही दिलं नाही तरी चालेल.

गाडी चालू करण्याआधी एक फेरी मारायची माझी सवय आहे. चाकं चाचपायची, खाली काही गळत नाही ना बघायचं, आणि बॉनेटला हात लावून नमस्कार करायचा. मी मागच्या चाकापाशी आलो आणि थांबलो. डिझेलच्या झाकणाखाली ओघळ आला होता. पांढरा. उन्हानं वाळून त्याची खार धरली होती, आणि खारीत दोन-चार पांढरे दाणे चिकटलेले. मी बोट लावून हुंगलं. डिझेलच्या वासात खताच्या गोणीचा वास मिसळला होता.

मामांनी घरातला युरिया विहिरीच्या पाण्यात कालवला होता. आणि छोट्या निळ्या झाकणात जावयाचा मान कसा मावणार? त्यांनी मोठं झाकण उघडलं होतं आणि मोठ्या मनानं ओतलं होतं, थेट डिझेलच्या टाकीत.

आमच्या गाड्यांच्या अड्ड्यावरच्या एका ड्रायव्हरनं पंपावर नुसती घाई करून हाच घोटाळा केला होता. गाडी चालू झाली, फर्लांगभर गेली आणि बसली. पंप गेला, इंजेक्टर गेले, पाइपांतून खडे निघाले. कंपनीनं हात वर केले. तो अजून दुसऱ्याच्या गाडीवर बदली मारतो. मी तिथं वाकलेलाच राहिलो. आत बसायचं, चावी फिरवायची, एवढंच काम होतं, आणि तेवढ्यात माझा सगळा संसार धुरात जाणार होता.

आणि बोललो असतो तर? बाजीनाना समोर होते. 'जावयाच्या गाडीत खत घातलं' ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत गेली असती. मामांसारखा माणूस हसं झालेलं सोसत नाही. ज्याच्यामुळं हसं झालं त्याचं तोंडही तो पुन्हा बघत नाही, मग तो विष्णू का असेना. सारिकाचं दार उघडायच्या आतच बंद.

"काय झालं ओ जावईबापू?" बाजीनाना ओरडले. "गाडी चालू हुती का ढकलायची?"

मी उठलो. चावी खिशात घातली. कुठून सुचलं देव जाणे.

"नाना, महादेवाला चालत जायचं."

"आँ? गाडी असताना?"

"आमच्याकडं रीत हाय. धोंड्याच्या महिन्यात देवाला चाकावरनं गेलं की पुण्य चाकाला लागतं, माणसाला न्हाय."

"ही कुठली रीत? आमी तर कवा ऐकली न्हाय!"

"आमच्या गावची हाय."

भावकीत कुजबुज झाली. पोरांची तोंडं उतरली. पण जावई अधिक महिन्यातला, त्याचा शब्द मोडायचा कसा? मामींनी एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे बघितलं आणि पदर खोचला. "चला, चला. पाव्हणं म्हणत्यात तर चालत. पुरण तरी जिरंल."

मामांनी दाराला लावलेला हात काढून घेतला आणि सगळ्यांच्या पुढं चालू लागले.

देऊळ ओढ्यापलीकडच्या माळावर. वाटेत सारिका माझ्या बाजूला आली. "काय झालं? ही कुठली रीत आपल्याकडे?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडेल. पण ती पुढं चाललेल्या वडिलांच्या पाठीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आण्णांनी खत दिलं. ज्या पिकावर जीव असतो त्याला देतात ते पहिलं खत." मग घाबरून म्हणाली, "गाडी वाचेल ना?"

तेच मला ठाऊक नव्हतं. देवळाशी पोचल्याबरोबर मी मागच्या बाजूला गेलो आणि आमच्या मुबारक मिस्त्रीला फोन लावला. सगळं ऐकून त्यानं आधी एकच विचारलं.

"चालू केलीस?"

"नाही."

"चावी तरी लावलीस?"

"नाही रे बाबा, खिशात आहे."

"मग खिशातच राहू दे. टाकीच्या पुढं काही गेलं नाही, मग घाबरायचं काय? टाकी उपसून धुऊ, फिल्टर बदलू. उद्या सकाळी येतो मी. पेढे घेऊन ठेव."

मी देवळाच्या भिंतीला टेकलो. महादेवाला मागच्या बाजूनंच हात जोडले. पुढं जायची ताकद नव्हती.

वळून बघतो तर मामा. टोपी हातात घेऊन पिंपळाच्या मुळीवर बसलेले. भावकी आत घंटा बडवत होती.

"पाव्हणं, बसा." मी बसलो. "गाडी गेली का?"

मी खिशातली चावी चाचपली.

"म्या आंधळा न्हाय," मामा म्हणाले. "तुम्ही वाकला, बोट लावलं, हुंगलं. तोंड पांढरं फटक पडलं तुमचं. तवाच म्या समजलो, सर्जेराव, करायला गेलास गणपती आन् झाला मारुती. खोटं बोलू नगा. गेली का?"

"नाही मामा. खरंच नाही. चावी लावली नाही, म्हणून काही बिघडलं नाही. मिस्त्री उद्या येतोय. टाकी धुतली की झालं."

"शपथ?"

"महादेवाची."

त्यांनी श्वास सोडला. इतका मोठा की वाटलं, घरापासून धरून ठेवला होता. टोपीनं त्यांनी तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि बराच वेळ ती टोपी तोंडावरच धरून ठेवली.

"लावली असती तर?"

मी मुळीची साल खरवडत राहिलो. तेच उत्तर होतं.

"आन् नाना समोर हुता," मामा म्हणाले. "समदी भावकी हुती. 'तुमच्या सासऱ्यानं काय करून ठेवलं बघा,' एवढं म्हणायचा तुमचा हक्क हुता. खरंच हुतं ते. त्यापरास तुम्ही आपल्या गावाच्या नावावर खोटी रीत ठोकून दिली." ते थांबले. "त्याच भावकीत बसून म्या तुमची काय लाज ठेवली हुती? आं? पोरीला मेली म्हणालो म्या. जित्या पोरीला."

मी म्हटलं, "जाऊ द्या मामा."

"न्हाय जात," ते म्हणाले. "रोज उठून तेच याद येतं. जात न्हाय."

इतक्यात सारिका प्रसाद घेऊन मागच्या बाजूला आली. बापाचे डोळे बघून थबकली. मामांनी हात पुढं केला. प्रसादासाठी असेल असं समजून तिनं त्यावर खोबरं ठेवलं. त्यांनी तिचं मनगटच धरलं आणि तिला मुळीवर आपल्याशेजारी बसवून घेतलं. मी उठून पुढच्या बाजूला दर्शनाला गेलो. आता पायांत ताकद आली होती.

संध्याकाळी भावकी आपापल्या घरी पांगल्यावर आम्ही टाकी उपसायला घेतली. मिस्त्री येईपर्यंत थांबायला मामा तयार नव्हते. ट्रॅक्टरच्या पेटीतले पाने काढून ते स्वतः बसखाली पाठीवर सरकले. मी शेजारी. टाकीचा खालचा बोल्ट सैल केला तसं दुधासारखं गढूळ पाणी घमेल्यात पडायला लागलं. अर्धं मामांच्या तोंडावर.

मामी वरून बघत होत्या. "आवं, माणसाला ताप आला म्हणून काय शेळीचं औषिद पाजत्यात व्हय?"

"तू गप गं."

"गप कशी बसू? मला परसातल्या भाजीला मूठभर मागितला तर म्हणायचं, महाग हाय. आन् पाव्हण्याच्या गाडीला बादलीनं!"

सारिका हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग मोकळी. हसता हसता ओसरीवर बसली, डोळ्यांतून पाणी, पोट धरून. मामांनी बसखालून मान बाहेर काढून तिच्याकडे बघितलं. तोंडाला खताचं पाणी, मिशीला डिझेल, आणि तेही हसायला लागले. मी लग्नानंतर सारिकाला पुष्कळदा हसताना पाहिलं होतं. असं नाही. हे हसणं तिनं या घरात ठेवून दिलं होतं बहुतेक.

त्या रात्री आम्हाला मुक्काम करावाच लागला. गाडीत डिझेलच नव्हतं, जाणार कुठं? दुसऱ्या दिवशीची माझी ट्रिप अड्ड्यावरच्या सोबत्यानं मारली.

सकाळी मुबारक आला. टाकी पुन्हा धुतली, नवा फिल्टर बसवला, मामांनी मोटारसायकलवरून जाऊन आणलेलं ताजं डिझेल घातलं. कॅन ओतताना त्यांनी मुबारकला दोनदा विचारलं, "ह्याच झाकणात न्हवं?" मग मी चढलो. मामा बॉनेटसमोर हात जोडून उभे. मामी, सारिका ओसरीवर. चावी लावली, फिरवली. इंजिन एकदा खोकलं. आणि लागलं. सरळ, एकसुरी, जसं कारखान्यातून आलं होतं तसं. मुबारकनं कान लावून ऐकलं आणि अंगठा वर केला. मामा मटकन खाली, मातीतच बसले.

मी गाडी चालूच ठेवली. बंद करायची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर तो आवाज ऐकत राहावंसं वाटत होतं.

निघायची वेळ झाली. वाणाचं ताट, अनारसे, टॉवेल-टोपी सगळं मागच्या सीटवर ठेवलं. सारिका पिशवी घेऊन गाडीकडे आली. मामा दाराशी आले आणि खिडकीच्या काठावर हात ठेवून उभे राहिले. शेवटी खाली बघत म्हणाले,

"पाव्हणं, एक इच्यारू? आठ दिस पोरगी ठिवून घिऊ का? तुमची परवानगी आसंल तर."

लेकीला माहेरपणाला ठेवून घेताना बापानं जावयाला विचारायचं, ही जुनी रीत. तो विचारतो, जावई हो म्हणतो, त्यात विशेष काही नसतं. पण ते विचारताना मामांनी खिडकीचा काठ घट्ट धरला होता. त्यांना खरंच वाटत होतं की मी नाही म्हणू शकतो.

"मामा, विचारता काय? तुमचीच आहे."

सारिकानं पिशवी गाडीतून परत काढून घेतली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, धावतच घरात गेली. मला जरा लागलं, पण चांगलं लागलं.

सगळ्या सीट रिकाम्या घेऊन मी एकटा घाट उतरलो. मोठमोठ्यानं गाणी म्हणत. मला गाणं येत नाही, पण ऐकायला कोण होतं?

दिवेलागणीच्या वेळी घरी पोचल्याचा फोन केला. मामींनी उचलला.

"पोचला न्हवं नीट? गाडी बरी चालली?"

"अगदी झकास. सारिका कुठाय?"

"झोपलीया. तुम्ही गेल्यावर जेवली आन् ओसरीवर आडवी झाली, ती अजून उठली न्हाय." मामींचा आवाज खाली आला. "दिवं लावायच्या वक्ताला निजू नये म्हणत्यात. म्या दोनदा उठवाया गेले. पर ह्यांनी काय हात लावू दिला न्हाय. दुपारपासनं उशाला बसून माश्या हाकत्यात. च्या बी तिथंच घेतला. उठवू का तिला?"

"नको मामी," मी म्हटलं. "झोपू द्या."